पापाचा वाटा कोणाचा?

जो करील तो भरील, हा न्याय आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पेरावे तसे उगवावे, करावे तसे भोगावे. या न्यायावर गावगाडा चालतो, घर चालते आणि न्यायकचेरीही चालते. वाल्या कोळ्याची गोष्ट तर वारकऱ्यांना नव्याने सांगायला नको. वाटमारी करून त्याने घर पोसले. पण ‘माझ्या पापाचा वाटा उचलाल का?’ असे विचारायला तो घरी गेला, तेव्हा बायको नाही म्हणाली, पोरं नाही म्हणाली. खाणारे सगळे, भरणारा एकटा. गोष्ट ऐकताना आपण माना डोलावतो. कारण वाल्या जाणता होता. कुऱ्हाड घेतली ती त्याने स्वतःच्या हाताने घेतली होती.

पण समजा, ती कुऱ्हाड नऊ वर्षांच्या पोराच्या हातात दुसऱ्याने दिली, आणि ‘मार, नाही तर तुलाच मारतो’ असे म्हणत तो मागे उभा राहिला. तर पाप कोणाचे? आणि तेच पोर त्या टोळीत वाढले, थोर झाले, आणि पुढे दुसऱ्यांच्या पोरांच्या हातात कुऱ्हाड देऊ लागले. तर मग कोणाचे? हा प्रश्न आम्ही वादासाठी रचलेला नाही. आफ्रिका खंडातील युगांडा देशाच्या उत्तरेस अचोली नावाचे लोक राहतात. त्यांच्या खेड्यापाड्यांतून सुमारे वीस वर्षे हा प्रश्न रोज रात्री दार ठोठावत होता. दूरचा मुलूख म्हणून सोडून द्यावा असा तो नाही. तिथली माणसे शेतकरी आहेत, आणि लेकरांवरची त्यांची माया आपल्यासारखीच आहे.

आधी ती गावे कशी होती ते पाहू. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, मधोमध झाडून स्वच्छ केलेले अंगण, भोवती नाचणी, ज्वारी, तीळ, भुईमूग यांची शेते. गुरेढोरे हेच धन. दिवस मावळला की अंगणात शेकोटी पेटायची. तिला ते लोक ‘वांग ओ’ म्हणतात. तिच्याभोवती आजा-आजी, चुलते, पोरंबाळं बसायची. गोष्टी व्हायच्या, म्हणी-कोडी व्हायची. कुणाशी कसे वागावे, पाहुण्याला काय द्यावे, कुणाची जमीन कुठवर, भांडण कसे मिटवावे हे सारे मुलांना त्या शेकोटीपाशी कळायचे. आपल्याकडे सांजवेळी ओट्यावर हरिपाठ म्हणताना पोरांच्या कानावर जसे चार शब्द पडतात, तशीच ही त्यांची शाळा. ती मोडली म्हणजे काय मोडले, हे वारकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

यादवी कशी पेटली तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. युगांडा १९६२ साली स्वतंत्र झाला, पण सत्ता पुन्हा पुन्हा बंदुकीच्या जोरावर पालटत राहिली. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या सैन्याने राजधानी घेतली. त्याआधीच्या राजवटीच्या लष्करात अचोली शिपायांचा भरणा मोठा होता. ते उत्तरेकडे आपल्या मुलखात पळाले. नव्या सैन्याच्या हातून तिथे जुलूम झाले, गुरे लुटली गेली, आणि त्या धगीतून बंडे उठली. जोसेफ कोनी हा त्यांतल्याच एका बंडाचा पुढारी. त्याच्या टोळीचे नाव पुढे ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’, म्हणजे परमेश्वराची प्रतिकारसेना, असे पडले. आपल्या अंगात देवदूतांचा संचार होतो असे तो सांगे, आणि बायबलातील दहा आज्ञांप्रमाणे राज्य करीन असे म्हणे. त्या दहांत हत्या करू नये ही एक आज्ञा आहे, चोरी करू नये ही एक आहे. देवाचे नाव ओठी आणि सुरी हाती असे सोंग जगात पुष्कळ वेळा निघाले. पण त्याची एवढी किंमत लेकरांनी मोजावी असे क्वचितच झाले असेल.

लोक कोनीला आपणहून मिळेनात, तेव्हा त्याने मुले पळवायला सुरुवात केली. मुलेच का? तर मूल लवकर भिते, लवकर शिकते, आणि परतीची वाट लवकर विसरते. रात्री गावावर घाला पडायचा. झोपडीतून मुलगे-मुली ओढून काढायचे, लुटलेल्या धान्याची ओझी त्यांच्या डोक्यावर द्यायची आणि रानातून चालवत न्यायचे. जो थकून पडला त्याला तिथेच संपवायचे. पळून जाताना सापडलेल्या पोराला इतर पोरांकडूनच मारवायचे. कधी शेजाऱ्यावर, कधी रक्ताच्या नातलगावर हात टाकायला लावायचे. यात क्रूरपणा तर होताच, पण त्याहून वाईट असे एक गणित होते. ज्या पोराने आपल्याच गावात रक्त सांडले, ते घरी कोणत्या तोंडाने जाईल? पायात बेडी घालण्याची गरजच उरत नाही. लाज हीच बेडी होते. पळवलेल्या मुलामुलींचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २५ हजारांच्या वर जातो. १० ऑक्टोबर १९९६ च्या पहाटे अबोके येथील कन्याशाळेतून १३९ मुली एकदम नेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले ही इटालियन जोगीण टोळीच्या मागोमाग रानात गेली आणि विनवण्या करून १०९ मुली सोडवून घेऊन आली. ३० मागे राहिल्या.

सरकारने काय केले? १९९६ पासून खेड्यांतील लोकांना घरे सोडून छावण्यांत जायला लावले. नाव ‘संरक्षित गावे’ असे, संरक्षण बेताचेच. झोपडीला झोपडी लागलेली, पाण्यासाठी रांगा, शेत दूर आणि तिकडे जायला मनाई. २००५ च्या सुमारास १५ लाखांच्या वर माणसे अशी राहत होती. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना व युगांडा सरकार यांच्या आरोग्य-पाहणीत आढळले की, एरवी जगली असती अशी जवळजवळ १,००० माणसे दर आठवड्याला मरत होती. हिवतापाने, रोगराईने आणि घाल्यांत. शेकोटी विझली, कारण रात्री जाळ दिसला तर घाला पडेल. छावणीत जन्मलेली पोरं पेरणी न पाहता वाढली. धान्य म्हणजे मोटारीतून उतरणारे पोते, अशी त्यांची समजूत झाली.

ज्या खेड्यांतून मुले अजून घरी होती, तिथून एक निराळीच वाट रोज संध्याकाळी भरू लागली. चार वाजले की पाच-सहा वर्षांपासून पुढची पोरं, धाकट्याला पाठीशी बांधून, बगलेत चटई किंवा गोणपाट घेऊन, गुलू, किटगुम अशा शहरांकडे मैलोगणती चालत निघत. रात्र तिथे दुकानांच्या ओसरीवर, मोटारतळावर, लाचोरच्या इस्पितळाच्या आवारात काढायची आणि उजाडले की उलट पावली घरी. २००४ च्या सुमारास अशी सुमारे ४०,००० मुले रोज रात्री चालत होती. वाचकहो, आपणही चालतो. डोक्यावर तुळस आणि मुखी नाम घेऊन चालतो. पुढे कोणी उभा आहे या ओढीने चालतो. मागून कोणी येईल या भयाने चालणारी ही लेकरांची दिंडी आम्ही मनापुढे आणतो, तेव्हा पायी चालणे हा शब्दच जड होतो.

त्या मुलखातल्या धर्माधिकाऱ्यांनी या वेळी एक गोष्ट केली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. गुलूचे आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा आणि इतर धर्मप्रमुख २००३ साली आपापली अंथरुणे खांद्यावर टाकून निघाले आणि काही रात्री त्या पोरांच्या शेजारी उघड्या जमिनीवर झोपले. बंदूक त्यांच्यापाशी नव्हती. युद्ध थांबवण्याची शक्ती नव्हती. पण मुले जिथे झोपतात तिथे आपण झोपावे, एवढे ते करू शकत होते, आणि ते त्यांनी केले. जगाचे लक्ष त्या ओसऱ्यांकडे गेले त्यात या निजण्याचाही वाटा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८७ च्या सुमारास डॉमिनिक ओंग्वेन नावाचा मुलगा शाळेच्या वाटेवरून पळवला गेला. तेव्हा तो सुमारे नऊ वर्षांचा होता, असे पुढे न्यायालयाने ठरवले. त्या रानात तो वाढला, चढत चढत टोळीचा सरदार झाला. २००३ व २००४ साली पाजुले, ओडेक, लुकोडी, अबोक या छावण्यांवर जे घाले पडले त्यांत त्याचा हात होता. यांपैकी ओडेक हा खुद्द कोनीच्या जन्मभूमीचा भाग. म्हणजे बंडाने आपले पाळणाघरही सोडले नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो शरण आला. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याला ६१ आरोपांखाली दोषी ठरवले. त्यांत खून आहेत, स्त्रियांना जबरीने बायका करणे आहे. आणि १५ वर्षांखालील मुलांना लढाईत ओढणे हेही आहे. जे त्याच्यावर झाले तेच त्याने दुसऱ्यांवर केले, आणि त्याचीच शिक्षा त्याला झाली.

यावर लोकांचे दोन तट पडतात, आणि दोन्हीकडे भली माणसे आहेत. एक म्हणतो, ‘अहो, नऊ वर्षांचं पोर! त्याला कुणी घडवलं तसं ते घडलं. त्याला कसली शिक्षा करता? शिक्षा करायची तर ज्याने पळवलं त्याला करा.’ दुसरा म्हणतो, ‘पोर होतं तेव्हा होतं. पंचविशीचा गडी झाल्यावरही पोरच का? हजारो मुलं पळवली गेली. ती सगळी का सरदार झाली? कित्येक जीव मुठीत धरून पळाली, पकडली जाऊन मेली, पण दुसऱ्याच्या लेकरावर हात टाकायला राजी झाली नाहीत.’ दोघांचेही खरे आहे. आणि दोघांचेही खरे आहे एवढे म्हणून थांबणे हा मात्र आळस होईल.

आमच्या मते येथे दोष आणि ओझे या दोन गोष्टी निरनिराळ्या करून पाहिल्या पाहिजेत. दोष येतो तो निवडीबरोबर. बैल दुसऱ्याच्या पिकात शिरला तर कोंडवाड्यात बैल जातो, पण दंड धन्याला भरावा लागतो. जिथे ‘मार’ नाही तर ‘मर’ एवढेच दोन रस्ते ठेवले, आणि निवडणारा नऊ वर्षांचा, तिथे दोष त्या हाताचा नाही. हात धरणाऱ्याचा आहे. जगाच्या कायद्यालाही हे पटले आहे. हेगचे न्यायालय १८ वर्षांखालील वयात केलेल्या कृत्यासाठी कोणावरही खटला चालवत नाही. तो त्याच्या घटनेतलाच नियम आहे.

पण मूल म्हणजे बैल नव्हे. बैल पीक तुडवतो आणि विसरतो. मूल विसरत नाही. आपण काय केले हे त्याला कळते, म्हणूनच ते झोपेत ओरडत उठते. अचोली लोक यालाच ‘चेन’ म्हणतात. मारल्या गेलेल्याचा आत्मा मारणाऱ्याला झपाटतो, आणि ते झपाटणे त्याने मनाने मारले की बळजोरीने, हे पाहत नाही, अशी त्यांची समजूत आहे. ती समजूत खरी-खोटी ठरवण्याची येथे गरज नाही. तिच्यात एक मोठे सत्य आहे: दोष नसतानाही ओझे असू शकते. ‘तुझा काही अपराध नाही बाळा’ एवढे सांगून ते उतरत नाही. दोष पुसण्याला निवाडा पुरतो. ओझे उतरवायला माणसे लागतात.

मग मूल मोठे झाल्यावर काय? निवड एका रात्रीत येत नाही. पायवाट जशी चालून चालून रुंद होते, तशी ती वयाबरोबर वाढते. आणि ती जेवढी वाढते तेवढाच दोषही वाढतो. ओंग्वेनवरचे आरोप जुलै २००२ ते डिसेंबर २००५ या काळातले होते. तो तेव्हा पंचविशीच्या आसपास होता, हुकूम देत होता. आपण दहशतीखाली होतो, मन ठिकाणावर नव्हते, ही त्याच्या बाजूने मांडलेली कारणे न्यायाधीशांनी मानली नाहीत. परंतु जन्मठेपही दिली नाही. बालपणी जे झाले ते जमेस धरून ६ मे २०२१ रोजी बहुमताने २५ वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये अपिलातही दोष व शिक्षा कायम राहिली. हा हिशेब आम्हांस ढोबळमानाने योग्य वाटतो. कारण बरे-वाईट मोजण्याचे माप मुलाला जन्मतः मिळत नाही. ते शेकोटीपाशी मिळते, आईच्या मांडीवर मिळते. ज्याच्या हातून ते खरे माप नवव्या वर्षी हिसकावले आणि खोटे दिले, त्याच्या मोजण्यातली चूक थोडी सवलतीने पाहिली पाहिजे. पण थोडीच. कारण आईपासून तोडलेल्या पोराचा आक्रोश कसा असतो, हे जगात ज्यांना पक्के ठाऊक होते त्यांत हा एक होता. तो आक्रोश ओळखायला कुठल्याच मापाची जरूर नव्हती.

आता तिसरा पक्ष राहिला, आणि त्याला आपण फार वेळा विसरतो. लुकोडीत जिचे लेकरू गेले, त्या बाईने ओंग्वेनच्या बालपणाची कहाणी ऐकून घ्यावी का? त्याला क्षमा करावी का? आम्ही म्हणतो, तिच्याकडे मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. दया करायची तर आपल्या पदराची करावी. दुसऱ्याच्या पदरातली वाटू नये. सुखात बसलेला माणूस दुःखिताला ‘क्षमा कर, मन मोठे कर’ असे सांगतो, तेव्हा ती भूतदया नव्हे. जखमेवरून पाय देऊन जाणे आहे.

क्षमा मागून मिळत नाही. ती होते तेव्हा कशी होते याचे एक उदाहरण त्याच मुलखात आहे. अबोकेच्या त्या ३० मुलींत अँजेलिना अट्याम नावाच्या सुईणीची मुलगी होती. मुली गेलेले आईबाप आठवड्याच्या आठवड्यास प्रार्थनेला जमत. ख्रिस्ती लोकांच्या नित्य प्रार्थनेत, आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, अशा अर्थाचे मागणे आहे. तिथवर आले की त्यांचे शब्द घशात अडत. खोटे कसे म्हणायचे? अँजेलिनाबाईंनी ते अडणे लपवले नाही. त्या त्याच्याशी झगडत राहिल्या. शेवटी, ज्या सरदाराने त्यांची मुलगी बायको म्हणून ठेवली होती त्याच्या आईकडे त्या स्वतः गेल्या आणि ‘मी क्षमा केली’ असे सांगून आल्या. पण म्हणून त्या गप्प बसल्या असे नाही. सगळ्याच मुलांसाठी त्यांनी जगभर हाकाटी केली. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांना मानवी हक्कांसाठी पारितोषिक दिले. ‘तू बोलणं थांबव, तुझी पोर सोडतो’ असा टोळीचा निरोप आला, तेव्हा ‘सगळ्या सोडा’ असे त्यांनी उत्तर पाठवले. त्यांची मुलगी २००४ साली निसटून आली. क्षमा आणि न्यायाची मागणी एकाच काळजात राहू शकतात, हे आम्ही या माउलीकडून शिकावे.

जी मुले परत आली त्यांच्यासाठी अचोली लोकांनी आपल्या जुन्या रीती बाहेर काढल्या. घराच्या वाटेवर कच्चे अंडे ठेवायचे, त्याच्या बाजूला ‘ओपोबो’ झाडाची बुळबुळीत डहाळी आणि कणगीचे झाकण उचलण्याची काठी ठेवायची. आलेल्या पोराने अंडे पायाने फोडून आत यायचे. अंडे म्हणजे निष्पापपणा, डहाळी म्हणजे धुऊन निघणे, आणि काठी म्हणजे ‘तुझे जेवण याच घरात’. तुला आता पुन्हा आमच्या कणगीतले खायला मिळेल, हे सांगण्याची याहून सरळ रीत आम्हांला सुचत नाही. दोन कुळांमध्ये खून पडलेला असेल तर रीत निराळी. तिथे आधी खरे सांगावे लागते, कबूल करावे लागते, भरपाई द्यावी लागते. आणि मग दोन्हीकडची माणसे एकाच भांड्यातून ‘ओपुट’ झाडाच्या मुळीचा कडू रस पितात. कडू दोघांनीही प्यायचे. खरे बोलण्याआधी रस नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गुलूच्या नभोवाणीवरून ‘घरी परत या’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम होत असे. परत आलेली मुले त्यात स्वतः बोलत: मी अमक्या गावचा, मी जिवंत आहे, मला कोणी मारले नाही, तुम्हीही या. रानात लपून ऐकणाऱ्या कित्येकांना तो आवाज घरापर्यंत घेऊन आला. २००० सालच्या माफीच्या कायद्याने हजारोंना परत येण्याची वाट मोकळी केली. २००६ साली जुबा येथे बोलणी सुरू झाली, टोळी युगांडातून बाहेर गेली, आणि हळूहळू लोक छावण्यांतून आपल्या गावी परतले.

तरी गोष्ट गोड झाली असे म्हणू नये. अंडे फुटते, पण शेजाऱ्याच्या मनातली गाठ फुटतेच असे नाही. विहिरीवर कुजबुज होते, शाळेत पोरं टोमणे मारतात. सर्वांत वाईट दशा झाली ती रानात जन्मलेल्या मुलांची. पळवलेल्या मुली परतल्या तेव्हा कित्येकींच्या कडेवर मूल होते. अचोली रीतीप्रमाणे जमीन बापाच्या कुळाकडून मिळते. बाप कोण हे सांगता येत नाही, किंवा सांगितले तर तो वैरी. मग या मुलाने कोणत्या शेतात नांगर धरावा? त्याने कोणालाही मारले नाही, कुठली आज्ञा पाळली नाही, लढाई पाहिली तीही पाळण्यातून. तरी बोलणी त्याला, आणि भूमीही नाही.

इथे वारकऱ्याला थांबावेच लागते. आळंदीच्या चार भावंडांची कथा आपण कशासाठी सांगतो? आईबापांच्या कृत्याचा दंड लेकरांना झाला. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरी पोरांना कोणी पंगतीस घेईना. शुद्धीसाठी पैठणापर्यंत पायपीट करावी लागली. ज्ञानोबा रागावून ताटी लावून बसले तेव्हा बाहेर उभी राहून विनवणारी मुक्ताई निघाली, म्हणून दार उघडले. जगात ताटी लावून बसलेली लेकरे अजून पुष्कळ आहेत. ज्या मार्गाची गंगोत्रीच वाळीत टाकलेल्या मुलांच्या घरात आहे, त्या मार्गाच्या माणसाने ‘अमक्याचं पोर’ म्हणून कोणाही लेकराकडे पाहणे, मग ते चोराचे असो, कैद्याचे असो की वैऱ्याचे, याहून मोठा विसर कोणता?

आता वाटा मांडू. पहिला वाटा कोनीचा व त्याच्या बरोबरीच्या जाणत्या सरदारांचा. तो मोठा आहे, आणि त्याला सवलत नाही. दुसरा, त्याला हत्यारे व आसरा देणाऱ्या शेजारच्या सुदानी राजवटीचा. तिसरा, लोकांना छावणीत कोंबून त्यांचे रक्षण न करणाऱ्या सरकारचा. चौथा, जाणत्या वयात मार्ग असूनही न वळलेल्या ओंग्वेनसारख्यांचा. थॉमस क्वोयेलो हाही लहानपणी असाच शाळेच्या वाटेवरून नेलेला. त्याला युगांडाच्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० वर्षांची शिक्षा दिली. एकाच दुःखातून निघालेल्या दोघांना दोन ठिकाणी निरनिराळी मापे लागली. यावरून हा हिशेब किती अवघड आहे ते कळावे. आणि नऊ वर्षांच्या त्या पोराचा वाटा? दोषाचा शून्य. ओझ्याचा मात्र सगळ्यांत मोठा वाटा नेमका त्याच्याच डोक्यावर पडतो. अन्याय तो हाच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने ओंग्वेनच्या अपराधांनी पिडलेल्या सुमारे ५० हजार माणसांसाठी ५ कोटी २० लाख युरोंवर भरपाई ठरवली. ओंग्वेनजवळ पैसा नाही; तेव्हा ती रक्कम न्यायालयाच्या पीडितनिधीने गोळा करावी, देशोदेशींनी द्यावी, असे ठरले. कोणी म्हणेल, केले एकाने आणि भरायचे दुसऱ्यांनी, हा कुठला न्याय? आम्हांला मात्र यात वाल्याच्या घरची ती जुनी गोष्ट उलटी झालेली दिसते. तिथे वाटा विचारला आणि सगळे नाही म्हणाले. इथे ज्यांनी काही केले नव्हते त्यांच्याकडे वाटा मागितला गेला आहे. दोषाचा वाटा कोणी कोणाचा उचलू शकत नाही, तो ज्याचा त्यानेच भोगावा. पण ओझ्याचा वाटा उचलता येतो. ओसरीवर मुलांशेजारी झोपून उचलता येतो, कणगीची काठी दारात ठेवून उचलता येतो, बिनबापाच्या पोराला शेताचा तुकडा देऊन उचलता येतो.

वाटेने चालताना दिंडीतल्या म्हाताऱ्याची पडशी तरणा गडी न विचारता आपल्या खांद्यावर घेतो. त्या पडशीत काय आहे, ती कोणी भरली, हे तो विचारत बसत नाही. तेवढे जरी आपण लेकरांच्या बाबतीत करू लागलो, तरी पुष्कळ झाले.